खुब्यातला गोळा आणि उद्यमनगरातली लेथ

वाचकाचं पत्र:

"काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). शिरोलीच्या एका फाउंड्रीचं जॉबवर्क करतात. मला डॉक्टर व्हायचं होतं. नीट दोनदा दिली, मार्क पडले नाहीत, म्हणून इकडे आले. जूनमध्ये आजी बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी वाटी आणि गोळा दोन्ही बदलले. दहा दिवस मी तिच्याजवळ होते. एकदा डॉक्टरांनी तसाच एक सांधा बघायला माझ्या हातात दिला. पहिल्यांदा मनात आलं, एवढं फिनिश कसं आणलं असेल? आजी आता वॉकरने चालते. पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही असं सांगितलंय. देवघरापुढे पाटावर बसणारी आजी आता खुर्चीत बसून डोळे पुसते. मला राहून राहून वाटतंय की मी चुकीच्या वाटेला लागले. इंजिनिअरिंग सोडून परत नीट देऊ का? बाबा म्हणतात, औषधपाण्यातलं आपल्याला काय कळतंय, शॉप सांभाळ. लोखंड कापणाऱ्या माणसाला दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यापलीकडे काही काम असतं का?"

पोरी,

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. इंजिनिअरिंग सोडू नकोस. परत नीट देऊ नकोस. तुझ्या मार्कांकडे बघून हे म्हणत नाही. आजीचा सांधा हातात आल्यावर तुझ्या मनात जो पहिला प्रश्न आला, त्याकडे बघून म्हणतो. आजी पलीकडे खाटेवर, तू दहा दिवसांची जागलेली, आणि तुला दिसलं ते सरफेस फिनिश. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझी नजर कुठे जाते, ते तुला त्या दिवशी कळलं.

त्या प्रश्नाचं उत्तरही ऐक. फिनिश मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात; आकडा जेवढा लहान, तेवढा पृष्ठभाग गुळगुळीत. बाबांच्या लेथवर 1.6 मायक्रॉन फिनिश आलं तरी आपण जॉब बाजूला ठेवून समाधानाने बघतो. ग्राइंडिंगला दिलं तर 0.4 पर्यंत जातं. खुब्याच्या धातूच्या गोळ्याला 0.05 मायक्रॉनच्या आतलं फिनिश लागतं. कारण तो गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो, आणि गोळ्यावर राहिलेला बारीकसा ओरखडाही ती वाटी कानशीसारखा घासत बसतो. चाचणीच्या यंत्रावर एका वर्षाच्या चालण्यासाठी साधारण 10 लाख फेऱ्या धरतात. आजीला हा सांधा पंधरा-वीस वर्षं पुरायचा, तर हिशोब तूच मांड.

आता भार बघ. आजी पन्नास किलोची धरू. चालताना एका पायावर आली की खुब्यावर पन्नास किलो येत नाहीत, अडीच ते तीन पट येतात. का, ते तुला दुसऱ्या वर्षीच शिकवलंय, फक्त तिथे माणूस नव्हता, बीम होता. अंगाचं वजन सांध्याच्या आतल्या बाजूने खाली ओढतं. बाहेरच्या बाजूचे स्नायू कंबर तोलून धरतात. वजनाचा हात, म्हणजे सांध्यापासूनचं अंतर, लांब आणि स्नायूंचा आखूड, त्यामुळे स्नायूंना वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि वजन अधिक स्नायूंचा जोर असा दोन्हींचा मिळून भार त्या गोळ्यावर येतो. म्हणून पुढे वॉकर सुटून काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायला सांगतात. तिथून काठीला लांब हात मिळतो, आणि थोड्या जोरात खुब्यावरचा बराच भार उतरतो. आपल्याकडे बहुतेक म्हातारी माणसं दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. आजीच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. पण हे फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे कुठला जोर कुठे लागतो त्याची आकृती, आज रात्री काढून बघ. कागदावर आजी येईल.

मांडीचं काय, तेही यातच आहे. पाय नव्वद अंशांच्या वर दुमडला आणि आत वळला की गोळा ज्या दांड्यावर बसवलेला असतो त्याची मान वाटीच्या काठाला टेकते. तिथे टेकू मिळाला की पहारीने दगड उचकटावा तसा गोळा वाटीतून मागे निसटू पाहतो. गोळा मोठा केला तर मान काठाला उशिरा टेकते आणि निसटायला त्याला जास्त उठावं लागतं. पण मग तेवढ्याच जागेत वाटीचं प्लॅस्टिक पातळ करावं लागतं आणि घासणारं क्षेत्र वाढतं. फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात बूस्के नावाच्या सर्जनने आणि रांबेर नावाच्या इंजिनिअरने मिळून यावर एक तोड काढली. लहान गोळा मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात, आणि तो मोठा गोळा वाटीत. हालचाल दोन ठिकाणी वाटली गेली. आजही तो सांधा वापरात आहे. आजीला हा का बसवला नाही, असं डॉक्टरांना विचारायला जाऊ नकोस. हाड कसं आहे, वय किती, शस्त्रक्रिया किती वेळ चालवायची, हे बघून त्यांनी निर्णय घेतलेला असतो. मला एवढंच दाखवायचं आहे की आजीच्या डोळ्यांतल्या पाण्यामागे भूमितीचा एक न सुटलेला प्रश्न आहे, आणि तो तुझ्या विषयातला आहे.

बाबांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती सांगताना मला आजही भरून येतं.

आज जो खुब्याचा सांधा जगभर बसवतात, त्याचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या जॉन चार्नले या सर्जनचा. लँकेशायरमधल्या रायटिंग्टन इस्पितळात ते काम करायचे. 1950 च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी धातूचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा सांधा केला. टेफ्लॉन गुळगुळीत, घर्षण जवळजवळ नाहीच. सुरुवातीला रोग्यांची वेदना जायची. सुमारे 300 लोकांना ते सांधे बसवले, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून आरपार जायला लागल्या. नुसत्या झिजल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. झिजलेल्या भुकटीने आजूबाजूच्या हाडामांसाची वाताहत केली. चार्नलेंनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनचे कण टोचून घेतले, शरीर त्याचं काय करतं ते बघायला. तिथे गाठी आल्या. मग ज्यांना ते सांधे बसवले होते, त्यांच्यावर परत शस्त्रक्रिया करत बसायची वेळ आली.

त्या इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये हॅरी क्रेवन नावाचा तंत्रज्ञ होता. लेथवरचा माणूस, सांधे घासून बघायचं यंत्र त्यानेच उभं केलेलं. 1962 मध्ये एक विक्रेता त्याच्याकडे नवीन प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. ते प्लॅस्टिक तेव्हा लँकेशायरच्या यंत्रमागांच्या गिअरसाठी विकलं जात होतं. चार्नलेंना ते काही पसंत पडलं नाही. क्रेवनने तरी तुकडा यंत्रावर चढवला. रात्रंदिवस तीन आठवडे चाललं, आणि टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही ते झिजलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला त्या प्लॅस्टिकचा पहिला सांधा माणसाला बसला. अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन ते. आजीच्या खुब्यातली वाटी प्लॅस्टिकची असेल, तर बहुतेक त्याच घराण्यातली असणार.

इचलकरंजी आपल्यापासून तासाभरावर. 1904 मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून मागाचा कुठला भाग किती दिवसांत झिजतो हे तिथल्या फिटरला बोटांवर पाठ असतं. त्या ज्ञानाला आपण कधी वैद्यकाचं ज्ञान म्हटलं नाही. क्रेवननेही म्हटलं नसेल. त्याने झिजणारी वस्तू बघितली आणि न झिजणारी शोधली, आणि लाखो माणसं परत चालायला लागली. बाबा म्हणतात औषधपाण्यातलं आपल्याला काय कळतंय. त्यांना सांग, औषधपाण्यातलं कळत नसेल, झिजेतलं कळतं ना?

पण ही गोष्ट तिथे संपवली तर मी तुला फसवल्यासारखं होईल. ते चांगलं प्लॅस्टिकही थोडं थोडं झिजतंच. मायक्रॉनपेक्षा बारीक कण सुटतात. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना जंतू समजून गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या धांदलीत जे इशारे सोडतात त्याने सांध्याभोवतीचं हाड विरघळायला लागतं. सांधा शाबूत, हाड गेलेलं. ट्रायबॉलॉजीच्या, म्हणजे घर्षण आणि झिजेच्या शास्त्राच्या, साध्या पुस्तकात हे सहसा सापडायचं नाही. बेअरिंग ज्यात बसतं ते हाउसिंग जिवंत असेल असं कोण गृहीत धरतं? यावर उपाय म्हणून 1990 च्या दशकाच्या शेवटी किरणोत्साराने रेणू एकमेकांत बांधलेलं पॉलिथिन आलं आणि झीज पुष्कळ कमी झाली. दुसरीकडे काहींनी प्लॅस्टिकच काढून टाकलं आणि धातूवर धातू फिरवला. यंत्रावर उत्तम चालला. माणसांत गेल्यावर कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायला लागलं, आणि 2010 मध्ये एका बड्या कंपनीला तसे सांधे जगभरातून परत मागवावे लागले. आपल्या देशातही ते बसले होते. ज्या माणसांनी विश्वासाने ते सांधे अंगात घेतले, त्यांची आठवण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने ठेवायला हवी. तूही ठेव.

तुझा शेवटचा प्रश्न होता, दुरुस्तीपलीकडे काही काम असतं का. त्यावर माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. शिकवायला लागण्याआधी मी बरीच वर्षं फाउंड्रीच्या क्वालिटीत काढली. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव जॉबच्या, पोटात ब्लो होल (हवेचं भोक) आहे का, श्रिंकेज (धातू आकसून राहिलेली पोकळी) आहे का, हे बघायला आम्ही अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करायचो. जॉब पुसायचा, ग्रीस लावायचं, प्रोब टेकवायचा, पडद्यावर उडी कुठे दिसते ते बघायचं. माझी थोरली पोटात असताना बायकोला सोनोग्राफीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटावर जेल लावलं, प्रोब टेकवला, आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. त्याच दिवशी सकाळी मी हेच केलं होतं. ग्रीस काय, जेल काय, काम एकच. मध्ये हवा राहिली तर आवाज तिथूनच परत फिरतो, आत जातच नाही. फ्रिक्वेन्सीही जवळपास तीच, 2 ते 5 मेगाहर्ट्झ. फरक एवढाच की पोलादात आवाज सेकंदाला 5,900 मीटरच्या आसपास धावतो आणि अंगातल्या मऊ भागात 1,540.

घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळलं की हा योगायोग नव्हता. ग्लासगोमध्ये इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते विमानदलात होते, त्यामुळे रडार आणि सोनारशी त्यांची ओळख होती. 1955 च्या जुलैमध्ये त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत भरल्या आणि रेनफ्रू इथल्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या. तिथे बॉयलरच्या जोडातले दोष शोधायचं अल्ट्रासॉनिक यंत्र होतं. तुलनेला मांसाचा एक मोठा तुकडाही होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ, दोन्हींचे प्रतिध्वनी स्पष्ट वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन नावाचा विशीतला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला आणि दोघांनी माणसासाठीचं यंत्र घडवलं. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं ठरलं होतं. यंत्राने दाखवलं की ती बीजकोशाची पाण्याने भरलेली भलीमोठी गाठ आहे. गाठ काढली, बाई बरी झाली. 1958 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. आज आपल्या सीपीआर इस्पितळात रोज सकाळी सोनोग्राफीला रांग लागते, ती त्या बॉयलरच्या कारखान्यातून आलेली आहे.

इथे एक दुखरी गोष्ट बोलून टाकतो. याच यंत्राचा वापर आपल्या जिल्ह्यात पोटातल्या मुली शोधायला झाला. 1994 चा कायदा होता, तरी झाला, आणि 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचं नाव नको त्या यादीत आलं. यंत्र बनवणाऱ्याने याचा विचार करायचा की नाही? मला वाटतं करायचा.

आणखी एक, खास तुझ्या बाबांच्या गिऱ्हाइकासाठी. एसजी आयर्न, म्हणजे एका जातीचं चिवट ओतीव लोखंड, ओतलं की आतला ग्रॅफाइट नीट गोल झाला की नाही, हे आवाजाच्या वेगावरून कळतं. गोल झाला तर वेग जास्त, नाही झाला तर कमी. तुकडा कापायची गरज नाही. यकृत किती कडक झालंय हे बघण्याची जी नवी तपासणी आहे, तीही अशाच विचाराची. पोटावर बारीक धक्का द्यायचा, त्याची लाट यकृतातून किती वेगाने जाते ते मोजायचं. कडक यकृतात लाट जोरात पळते. पूर्वी त्यासाठी सुई घालून तुकडा काढावा लागायचा, आता पुष्कळांना ती सुई टळते. लाट वेगळ्या जातीची आहे, ते तू शिकशील. पण वेगावरून पदार्थाची जात ओळखायची, ही युक्ती शिरोलीतल्या पोरांना रोज हाताळायला मिळते.

"हे सगळं परदेशातलं" असं बाबा म्हणतील. म्हणू देत. त्यांना तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं सांग. 1970-80 च्या दशकांत आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली तरुण मुलंमुली शेकड्यांनी यायची, आणि परदेशी झडप परवडायची नाही. डॉ. एम. एस. वलियाथन यांनी इंजिनिअरांना बरोबर घेऊन झडप इथेच करायची असं ठरवलं. हृदय दिवसाला 1 लाख वेळा तरी ठोके देतं, म्हणजे झडप वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडझाप करणार. पहिले तीन नमुने फसले. नीलम खड्याची चकती करून बघितली, तीही जमली नाही. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची चौकट आणि आत चकती कशाची? तेच अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन. 1990 च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसली, आणि आतापर्यंत एक लाखाहून जास्त लोकांना बसली आहे. मला यात झडपेपेक्षा ते तीन फसलेले नमुने जास्त मोठे वाटतात. एकेका नमुन्यामागे वर्षं गेली असतील, आणि दर वेळी कुणीतरी म्हणालंच असेल की विकत आणा, कशाला त्रास घेता. आपल्या कोल्हापुरातही बाबूराव पेंटर आणि दामल्यांना लोक हेच म्हणाले असतील, तरी 1918 च्या सुमारास त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला.

जयपूर फूट तुला माहीत असेल. तरी आजीच्या संदर्भात त्यातलं एक बघ. त्याआधीचा नकली पाय बुटात घालायचा होता. अनवाणी चालता येत नव्हतं, उकिडवं बसता येत नव्हतं, शेतात चिखलात जाता येत नव्हतं. जयपूरच्या इस्पितळातले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी टायरवाल्याकडचं रबर बघितलं, आणि 1960 च्या दशकाच्या शेवटी डॉ. प्रमोद सेठींच्या साथीने रबराचा पाय घडवला. शर्मांचं शिक्षण जेमतेम. पण खाली बसणाऱ्या माणसाला काय लागतं ते त्यांना कळत होतं, कारण ते स्वतः खाली बसणारे होते. तुझ्या आजीचा पाट परदेशातल्या प्रयोगशाळेत कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. तुझ्या येईल.

मार्कांचं मनाला लावून घेतलं असशील, म्हणून हेही सांगतो. सीटी स्कॅनचं यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतले इंजिनिअर होते. विद्यापीठाची पदवी नव्हती, डिप्लोमा होता. 1971 मध्ये त्यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू बघितला आणि 1979 मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता करायचं काय.

आधी मी कुठे चुकलो ते ऐक. फाउंड्रीत असताना एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी मी रोग्याला खाटेवरून उचलायची चौकट बनवून दिली. दीडशे किलोचा भार, फॅक्टर ऑफ सेफ्टी चार, म्हणजे चौपट भारही सोसेल अशी, वेल्डिंग असं की बघत राहावं. महिन्याने गेलो तर चौकट जिन्याखाली पडलेली. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "सर, हे ढकलायला दोन माणसं लागतात. रात्री मी एकटीच असते." मी डॉक्टरांशी दहा वेळा बोललो होतो. तिच्याशी एकदाही नाही. एक रात्र त्या वॉर्डात स्टुलावर बसून काढली असती तर हे कळलं असतं. तू दहा दिवस बसली आहेस. ते दहा दिवस वाया गेले असं समजू नकोस, आठवेल ते सगळं वहीत उतरवून काढ. आजी उठताना कुठे हात टेकायची, सिस्टर कशावर वैतागायची, वॉकर कुठे अडायचा.

आणि प्रोजेक्टसाठी शरीराच्या आत जाणारं काही निवडू नकोस. बाबांच्या व्हीएमसीवर सांध्याचा गोळा निघेलही, दिसायला हुबेहूब. पण 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे अशा वस्तूला परवाना लागतो, धोक्याप्रमाणे चार गट आहेत, हृदयाची झडप सगळ्यात वरच्या गटात. त्याच्या चाचण्यांना वर्षं लागतात, आणि लागायलाच हवीत. तू बाहेरचं काहीतरी घे. माझ्या डोक्यात एक आहे. वॉकरच्या पायांना जे रबरी बूट असतात, ते कोरड्या टाइल्सवर ठीक चालतात. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी, त्यावर पावसाळ्यातला ओलावा, बाथरूममध्ये साबणाचं पाणी, असं असताना ते किती धरतात? आजी त्याच बाथरूममध्ये पडली होती. कोरडी फरशी, ओली फरशी, साबणाची फरशी, नवा बूट, झिजलेला बूट. घर्षणांक काढायला स्प्रिंग बॅलन्स आणि थोडी चिकाटी एवढंच लागतं. बुटाचं रबर कुठलं, खाचा कशा, हे पुढे आपोआप येईल. कॉलेजमधल्या सरांना गाइड म्हणून घे. आजीच्या फिजिओथेरपिस्टला एकदा भेटून विचार की लोक नेमके कुठे पडतात. दुसऱ्या रोग्यांबरोबर काही करून बघायचं असेल तर दवाखान्याची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती घेतल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही.

पुढच्या शिक्षणाचं घाईने ठरवू नकोस, वर्ष आहे अजून. पण वाट आहे हे माहीत असू दे. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. चालवतात, त्यात इंजिनिअर मुलं प्रत्यक्ष इस्पितळात राहून शिकतात. आणि मुंबईच्या आयआयटीत बेटिक नावाचं केंद्र आहे. डॉक्टर, इंजिनिअर आणि डिझायनर एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं घडवतात, राज्य सरकारच्या मदतीने सुरू झालेलं. ते उभं करणारे प्राध्यापक बी. रवी मूळचे कशातले, ठाऊक आहे? कास्टिंगमधले. साच्यात धातू कसा भरतो, कसा गोठतो, श्रिंकेज कुठे येणार, याचं संगणकावरचं गणित त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांचं सॉफ्टवेअर फाउंड्रीवाल्यांना चांगलं माहीत आहे. शिरोलीतल्या गिऱ्हाइकाकडे बाबा जातील तेव्हा तिथल्या मेथड्सच्या, म्हणजे साचा आखणाऱ्या, माणसाला हे नाव विचारायला सांग. बाबांना ते तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं जास्त पटेल.

बाबांवर रागावू नकोस. शॉप त्यांनी कर्ज काढून उभं केलं असेल, त्यांना वाटणारी काळजी खरी आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना कामाला लाव. शहाबादीचा एक तुकडा लागेल, तो गावातल्या कुठल्याही फरशीवाल्याकडे मिळेल. त्यावर वॉकरचा बूट सरळ ओढायला एक छोटी सरकती पट्टी लागेल, ती त्यांच्याकडून करून घे. मोजमाप तू दे, ते हौसेने दोन दशांश जास्तच अचूक करून देतील. आजीला शेजारी खुर्चीत बसव आणि आकडे तिला लिहायला सांग. तिचा हात लिहिता असेल तर वही तिच्याकडेच राहू दे.

तीन तऱ्हेची फरशी आणि दोन बूट, अशा सहा स्थितींचे प्रत्येकी दहा आकडे आले की मला कळव. झिजलेला बूट मात्र दुकानातून आणू नकोस, वॉर्डातल्या जुन्या वॉकरचा मागून घे. सिस्टर देईल.